चेन कोणाची, गळा कोणाचा?

फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या मोहल्ल्यांना एक नवा गुन्हेगार सापडला आहे. नाव अल्ताफ शेख, मूळ मुक्काम ताडीवाला रोड, पुणे. दुनिया त्याला एम. सी. स्टॅन म्हणते. जुम्म्याचे बयान असो, शाळेची पालकसभा असो की वलीम्याची दावत, मुलांचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी त्याच्यावर येते. मुले अभ्यास का करत नाहीत? स्टॅनमुळे. केस बाजूने का कापतात? स्टॅनमुळे. गळ्यात साखळी, कानात बाली, ढगळ पँट, हे सगळे त्याचेच पाप. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळे हा आरोप मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. तो करणाऱ्या कोणालाही मी विचारते, ‘साहेब, त्याचे एखादे गाणे ऐकले आहे का?’ आजवर कोणी होय म्हटलेले नाही. फोटो मात्र सगळ्यांनी पाहिला आहे.

आपण गवयाला ऐकत नाही, पाहतो, हीच माझी मूळ तक्रार आहे. आणि बाजारही नेमके हेच करतो.

आधी जे खरे आहे ते कबूल करू. या मुलाच्या शोहरतीत लिबासाचा वाटा मोठा आहे. ‘तडीपार’ हा त्याचा अल्बम २०२० चा, ‘इन्सान’ २०२२ चा. रॅप ऐकणाऱ्या पोरांना तो त्याआधीपासून ठाऊक होता. पण घराघरात तो पोचला ‘बिग बॉस’मुळे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो त्या घरात गेला, सुरुवातीला बहुधा गप्प बसून राहिला, घरी जातो म्हणू लागला. अशा माणसाला प्रेक्षक एरवी विसरून गेले असते. इथे चर्चा सुरू झाली त्याच्या बुटांची. ऐंशी हजारांचे जूते! मग गळ्यातल्या चेनची, जिच्यावर हिऱ्यांनी ‘हिंदी’ असे लिहिलेले होते आणि जिची किंमत दीड कोटी असल्याचे सांगितले जाई. १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री अमरावतीच्या शिव ठाकरेला मागे टाकून तो जिंकला, एकतीस लाख ऐंशी हजार रुपये आणि मोटार घेऊन बाहेर पडला. चार-साडेचार महिन्यांच्या त्या कार्यक्रमात त्याचे गाणे थोडे आणि बूट फार गाजले. तेव्हा कपड्यांनी करिअर होत नाही, असे मी म्हणणार नाही. होते. बस्तीतून आलेल्या माणसाच्या अंगावर महागडी वस्तू दिसली की लोक दोनदा वळून पाहतात, आणि दोनदा पाहणे हाच या धंद्याचा गल्ला आहे.

पण हा लिबास आला कुठून, हे आपल्या वक्त्यांनी कधी शोधले आहे का? त्यांच्या मते तो थेट शैतानाकडून आला. वस्तुतः तो न्यूयॉर्कच्या काळ्या मोहल्ल्यांतून आला, आणि त्याची कहाणी आपल्यासारख्या समाजाने नीट वाचावी अशी आहे.

तिथे क्वीन्स भागातल्या हॉलिस मोहल्ल्यात ‘रन डीएमसी’ नावाची तीन तरुणांची टोळी गात असे. आदिदासचे बूट, तेही बिननाड्यांचे, ही त्यांची निशाणी. बिननाड्यांचे का? तुरुंगात कैद्याच्या बुटांच्या नाड्या काढून घेतात, त्यावरून ही चाल पडली असे सांगतात. त्यांच्याच भागातल्या एका डॉक्टरसाहेबांनी हे गुन्हेगारांचे बूट आहेत, अशी जाहीर टीका केली. म्हणजे बयान तिथेही होते! या पोरांनी त्याला गाण्यातून उत्तर दिले: आमच्या पायातल्या बुटांवरून आम्हाला चोर ठरवू नका. ते गाणे १९८६ चे. त्याच वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या जलशात त्यांनी प्रेक्षकांना आपापले बूट हातात घेऊन उंच धरायला सांगितले. हजारो बूट वर गेले. कंपनीचा माणूस समोर बसलेला होता. त्याने पाहिले, आणि पुढे दहा लाख डॉलरच्या आसपासचा करार झाला. हार्लेममध्ये ‘डॅपर डॅन’ या नावाने ओळखला जाणारा एक दर्जी १९८२ पासून दुकान चालवत होता. बड्या कंपन्यांचे शिक्के घेऊन तो रॅपवाल्यांना आपल्या डोक्यातले कपडे शिवून देई. कंपन्यांनी त्याला कोर्टकचेऱ्यांनी हैराण केले, १९९२ मध्ये दुकान बंद पडले. पंचवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, गुच्ची या कंपनीने त्याच्या एका जॅकेटासारखे जॅकेट बाजारात आणले. बोभाटा झाला तेव्हा त्याच दर्जीला भागीदार करून घ्यावे लागले.

या गोष्टी मी वर्गात मुलांना सांगते. त्यातला हिशेब त्यांना चटकन कळतो. तिथे कंपनीने गवयाला पैसे मोजले. आमचा पोरगा कंपनीला पैसे मोजतो, आणि तेही नकली मालाचे.

वरळीतली गोष्ट घ्या. संध्याकाळी सी फेसच्या कठड्यावर जाऊन उभे राहा. पाठीमागे सी लिंक, समोर मित्राच्या हातात मोबाईल, आणि मधे आमचा आठवीतला शहजादा एका पायावर भार देऊन, हनुवटी वर करून उभा असतो. गळ्यातली चेन नळबाजारातली, तीनशे रुपयांची, घामाने आठवड्यात काळी पडणारी. बूट शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या डेढ गल्लीच्या बाजारातले, कोणीतरी वापरून टाकलेले, धुऊन चिकटवून पुन्हा चमकवलेले. ज्या मोटारीला टेकून तो फोटो काढतो ती समोरच्या टॉवरमधल्या साहेबांची. वॉचमन हाकलेपर्यंत जेवढे मिळेल तेवढे चित्रण. यात मला हसू येत नाही आणि रागही येत नाही. ज्या मुलाच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात, त्याला रस्त्यावर तरी आपण कोणीतरी आहोत असे वाटावे, ही मागणी फार मोठी आहे का? इथल्या बीडीडी चाळींच्या पोरांनीही आपापल्या काळात राजेश खन्नाचा गुरू शर्ट आणि अमिताभची बेलबॉटम घातलीच होती. त्यांच्यावर कोणी बयान केले नाही.

माझी चिंता दुसरी आहे. हे कपडे घालून पोरगा जेव्हा नाक्यावरून रात्री घरी येतो, तेव्हा नाकाबंदीत पहिल्यांदा त्याला थांबवतात. नाव विचारतात. नाव सांगितल्यावर खिसे तपासतात. टॉवरमधल्या साहेबांचा मुलगाही तसेच केस कापून, तशीच ढगळ पँट घालून फिरतो, पण त्याच्या अंगावर ती फॅशन असते आणि आमच्याच्या अंगावर तो पुरावा होतो. खुद्द स्टॅनचेही हेच झाले. मार्च २०२३ मध्ये इंदूरचा त्याचा कार्यक्रम बजरंग दलाच्या लोकांनी मंचावर चढून बंद पाडला. आक्षेप गाण्यांतल्या शिव्यांवर आणि नशेच्या उल्लेखांवर होता. आता शिव्या तर त्या धंद्यात अनेकजण देतात. ज्याची चेन सगळ्यांत लांबून दिसते, त्याच्याकडे बोट आधी जाते.

म्हणून पोरांना सावध करायला हवे, हे मला मान्य. पण सावध करणे वेगळे आणि हाकलणे वेगळे. आमच्याच एका संस्थेने (नाव कशाला घ्या, अशा दहा सापडतील) ‘स्टॅन कट’ केलेल्या मुलांना वार्षिक परीक्षेच्या तोंडावर वर्गाबाहेर उभे केले. नऊपैकी सहा जण केस कापून आले. तिघे आलेच नाहीत. एक हल्ली गॅरेजमध्ये आहे, एक पार्सल पोचवतो, तिसऱ्याचा पत्ता नाही. संस्थेच्या सदरसाहेबांना हे सांगितले तर म्हणाले, ‘‘टीचर, तहजीब भी कोई चीज होती है.’’ असते ना! पण तीन मुलांची शाळा सुटण्याइतकी महाग तहजीब कोणत्या किताबात लिहिली आहे?

पुरुषाला सोने आणि रेशीम मना आहे, हे मलाही ठाऊक आहे. प्रश्न असा की हा मसला फक्त बस्तीच्या पोराच्या गळ्यापाशीच का आठवतो? निकाहाच्या दिवशी सासऱ्याकडून सोन्याची अंगठी, सोन्याची चेन आणि वर मनगटी घड्याळ घेणारा दूल्हा कोणी पाहिला नाही काय? त्याच मांडवात काझीसाहेब बसलेले असतात, दुआ होते, बिर्याणी होते. कोणाच्याही इमानाला धक्का लागत नाही. शेठच्या पोराच्या अंगावर तेच सोने ‘रस्म’ म्हणवते. तेव्हा आपला आक्षेप सोन्याला आहे की ते कोणाच्या गळ्यात आहे त्याला, याचा विचार एकांतात तरी करावा. शरीफ-रजील हा जुना रोग आपण इस्लाममध्ये ऊँच-नीच नाही असे म्हणत सांभाळून ठेवला आहे. स्टॅनची चेन त्या रोगावर नेमकी बोट ठेवते, म्हणून ती जास्त बोचते.

गाणाऱ्याचा लिबास हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आमच्या हाजी अलीच्या आवारात बसणारे कव्वाल टोपी आणि कुर्ता घालून बसतात, कारण ऐकणाऱ्याला तो लिबास हवा असतो. तेच कव्वाल लग्नाच्या मेहफिलीत चमकीची शेरवानी चढवतात, कारण तिथल्या ऐकणाऱ्याला ती हवी असते. शकीला बानो भोपालींनी तर जरीचे कपडे, दागिने आणि अदा यांच्या जोरावर पुरुषांच्या कव्वालीच्या मुकाबल्यात आपली गादी मांडली. तेव्हाच्या शरीफांनी नाके मुरडली आणि तिकिटेही काढली. १९८४ च्या भोपाळच्या वायूने त्यांचा गळा नेला. २००२ मध्ये त्या मुंबईत वारल्या तेव्हा अदांवर टाळ्या पिटणारा जमाना कुठे होता? लिबास पाहायला आलेले लोक गळा गेल्यावर थांबत नाहीत, एवढे त्या बाईंच्या आयुष्यावरून दिसते.

आता भाषेविषयी. आपल्या संमेलनांमध्ये मुस्लिमांची मराठी म्हणजे कोणती, यावर इतके परिसंवाद झाले की त्यांची मोजदाद कठीण. अमर शेख यांचे नाव घेतल्याशिवाय एकही भाषण होत नाही. बार्शीच्या गिरणीतला मेहबूब पटेल शाहीर अमर शेख कसा झाला, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण आज ताडीवाला रोडचा एक पोरगा पुण्याच्या वस्तीची खिचडी बोली घेऊन दिल्ली-लखनौपर्यंत पोचला, तेव्हा आपल्या एकाही भाषेच्या अभ्यासकाचे कान टवकारले नाहीत. त्याच्या तोंडचा ‘शेमडी’ हा शब्द देशभरच्या पोरांनी उचलला. तो आला कुठून? आपल्या मराठीतल्या शेंबड्या-शेंबडीतून! त्याची हिंदी उत्तर प्रदेशाची नाही आणि उर्दू तर मुळीच नाही. दख्खनी, मराठी आणि रस्ता यांची ती मिसळ आहे, जी माझे विद्यार्थी मधल्या सुट्टीत बोलतात आणि घंटा झाली की गिळून टाकतात. मी अमर शेखांशी त्याची बरोबरी करत नाही. शाहिराच्या मागे कामगारांचा लढा होता, संयुक्त महाराष्ट्र होता. या पोराच्या मागे मोबाईल आणि राग आहे. पण भाषेचा मामला दोघांचा सारखाच ऐकण्याजोगा आहे, आणि आपण साखळीचे कॅरेट मोजत बसलो.

ऐकले असते तर खरा आक्षेपही सापडला असता. त्याच्या कित्येक गाण्यांत बाईविषयी जे बोलले जाते, ते मी वर्गात उच्चारू शकत नाही. आई सोडून बाकी सगळ्या स्त्रिया दगाबाज, विकाऊ किंवा भोगायच्या. हे ऐकून चौदा वर्षांचा पोरगा आपल्या बहिणीकडे कोणत्या नजरेने पाहील? ‘अस्तगफिरुल्लाह’ नावाचे गाणे करणाऱ्याला माझा हा सवाल आहे. आणि त्याहून मोठा सवाल बयान करणाऱ्यांना आहे, की केसांवर चाळीस मिनिटे बोललात, या गोष्टीवर एक वाक्य का नाही? कदाचित त्या बाबतीत गाणारा आणि बयान करणारा यांच्यात फारसा मतभेद नसावा.

बाईचा लिबास आला की मात्र सगळे एकदम तज्ज्ञ होतात. ए. आर. रहमान यांच्या मुलीचे पाहा. ज्या रहमान यांनी २००० साली ‘फिजा’साठी आमच्या वरळीच्या दर्ग्यावर ‘पिया हाजी अली’ ही कव्वाली बांधली, त्यांची मुलगी खतीजा फेब्रुवारी २०१९ मध्ये धारावीतल्या एका कार्यक्रमात वडिलांसोबत मंचावर आली. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला दहा वर्षे झाल्याचा तो सोहळा होता. तिने नकाब घातला होता. झाले! बापाने जबरदस्ती केली, असा निकाल सुटाबुटातल्या लोकांनी एका रात्रीत दिला. रहमान यांनी मग एक फोटो प्रसिद्ध केला. त्यात खतीजा नकाबात होती, दुसरी मुलगी रहीमा आणि पत्नी सायरा यांचे चेहरे उघडे होते. निवडीचे स्वातंत्र्य, असे त्यांनी खाली लिहिले. वर्षभराने तस्लिमा नसरीन यांना त्या नकाबाने गुदमरल्यासारखे झाले. खतीजाने जबाब दिला. मग पुन्हा वाद झाला. या सगळ्या धुरळ्यात ती मुलगी गाते का, कशी गाते, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. पुढे २०२४ मध्ये ‘मिनमिनी’ या तमिळ चित्रपटाचे संगीत तिने दिले. त्या बातमीला नकाबाच्या बातमीच्या चौथाई जागाही मिळाली नाही.

गोवंडीच्या शिवाजीनगरची सानिया एम. क्यू. हे दुसरे उदाहरण. रिक्षाचालकाची मुलगी, हिजाब घालून रॅप करते. २०२२ च्या सुमारास वर्तमानपत्रांना ती सापडली तेव्हा मथळ्यात तिच्या ओळींच्या आधी तिचा हिजाब आला. ती गरिबीवर बोलत होती, वस्तीत राहणाऱ्यांच्या भेदभावावर बोलत होती. पण बाहेरच्यांना कौतुक हिजाबातली मुलगी गाते याचे, आणि आतल्यांना संताप हिजाबातली मुलगी गाते याचा. दोघांनाही गाण्याशी देणेघेणे नाही! ‘गली बॉय’ हा २०१९ चा सिनेमा आठवा. मुरादला माईक मिळतो, मंच मिळतो, नवे आयुष्य मिळते. आणि डॉक्टरकी शिकणारी सफीना आईबापांशी भांडते ती लिपस्टिक लावण्यासाठी आणि मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर जाण्यासाठी. सिनेमावाल्यांनी हे खोटे दाखवले असे मला म्हणता येत नाही.

आणि हा फक्त नटनट्यांचा, गाणाऱ्यांचा मामला राहिलेला नाही. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, बुरखा, टोपी यांवर बंदी घातली. मुली मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथे हरल्या. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीपुरती त्या बंदीला स्थगिती दिली. त्या कॉलेजच्या विरोधात आपण सह्या केल्या, मीही केली. माणसाच्या डोक्यावर काय आहे यावरून त्याचे शिक्षण अडवू नका, ही आपली मागणी होती. मग त्याच तोंडाने केसांवरून आमच्या नऊ मुलांना बाहेर काढणाऱ्या संस्थेचे समर्थन कसे करता? तिथे तत्त्व आणि इथे तहजीब, हा सौदा जमणार नाही.

याच धंद्यात कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी, हाही आहे. २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे त्याने आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले, चित्रणही त्याच आयपॅडवर. दीड कोटीच्या चेनची गरज पडली नाही. नंतर दीन आणि गाणे यांच्या ओढाताणीत तो काही काळ बाजूला राहिला, परत आला. परत आला तर त्यालाही अखेर ‘बिग बॉस ओटीटी’च्या घरात जाऊन बसावे लागले. २०२४ मध्ये तो तिथे दुसरा आला. शब्दांवर उभा राहिलेला गवईसुद्धा दिसण्याच्या दुकानात जाऊन बसतो, इतका या बाजाराचा रेटा आहे. त्या बाजाराला आपण दोष देत नाही. आपला रोष पोरांवर. ते जवळ असतात, आणि बाजाराचा कान आपल्या हाताला लागत नाही.

आमच्या उर्दू शाळांत बैतबाजी होते. दुसऱ्याचे शेर पाठ करून अक्षराला अक्षर भिडवायचे. मला तो प्रकार प्रिय आहे, मी स्वतः त्यात ढाली जिंकल्या आहेत. यंदा आमच्या वर्गातल्या दोन मुलांनी स्वतः लिहिलेले म्हणून दाखवायची परवानगी मागितली. एकाने पहाटे साडेचारला येणाऱ्या नळाच्या पाण्यावर लिहिले आहे. दुसऱ्याने आजोबांच्या गिरणीवर, जिच्या जागी आता काच लावलेला टॉवर उभा आहे. काफिया कुठेकुठे लंगडतो, पण बात खरी आहे. मी अर्ज पुढे पाठवला. परत आला तो एका प्रश्नासह: लिबास कोणता असेल? मी उत्तर लिहिले की शाळेचा गणवेश. त्यावर दुसरा प्रश्न आला: बाल? तिसरा प्रश्न अजून आलेला नाही. त्या मुलांनी काय लिहिले आहे, हे कोणी विचारलेले नाही. दोन्ही कागद माझ्या कपाटात आहेत, ज्यांना वाचायचे असतील त्यांनी शाळा सुटल्यावर यावे.